धाराशिवचा खो

२९ जून १९०५ रोजी न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाने आर्चिबाल्ड ग्रॅहम नावाच्या तरुणाला सामना संपत आलेला असताना मैदानात धाडले. तो उजव्या अंगाला, दूर सीमेकडे उभा राहिला. चेंडू त्याच्याकडे फिरकला नाही आणि फलंदाजीची पाळी यायच्या आत खेळ संपला. सर्वोच्च श्रेणीतली त्याची कारकीर्द एवढीच. एरवी तो खालच्या श्रेणीच्या प्रादेशिक लीगांमधून खेळणारा गडी. पुढे तो डॉक्टर झाला, मिनेसोटा राज्यातल्या चिझम या खाणींच्या गावात राहिला आणि उरलेले आयुष्य तिथल्या शाळकरी मुलांची तब्येत तपासण्यात घालवले. डब्ल्यू. पी. किन्सेला या कादंबरीकाराला बेसबॉलच्या कोशात त्याच्या नावापुढची एका सामन्याची नोंद दिसली. ती १९८२ च्या ‘शूलेस जो’ या कादंबरीत गेली, तिथून १९८९ च्या ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ या चित्रपटात गेली, आणि ग्रॅहम हा हुकलेल्या संधीचा पुतळा होऊन बसला.

हीच गोष्ट धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या पारावर सांगून पाहावी. ऐकणारे शेवटपर्यंत ऐकतील आणि कुणीतरी विचारेल, “मग वाईट काय झालं? पोरगं डॉक्टर झालं की!”

हा प्रश्न मला भाबडा वाटत नाही. खेळात वर कशाला म्हणायचे आणि खाली कशाला, हे अमेरिकेत ज्यांनी ठरवले त्यांच्यापेक्षा पारावरच्या माणसाने ते वेगळे ठरवलेले आहे, एवढेच. धाराशिव हा जिल्हा गेल्या काही दशकांत एका खेळाच्या खालच्या श्रेणीत, तालुका ते राज्य आणि राज्य ते राष्ट्रीय अशा पायऱ्यांवर, सतत धावत आला आहे. त्या धावण्याकडे पाहायचे तर आधी अमेरिकेतल्या खालच्या श्रेणीची कुळकथा थोडी ठाऊक असलेली बरी. तिथे या व्यवहाराचा हिशेब फार उघडपणे मांडला गेला.

अमेरिकेत या लीगांना मायनर लीग म्हणतात. १९०१ साली त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. सर्वोच्च श्रेणीचे संघ तेव्हा मोजक्या मोठ्या शहरांत होते. बाकीच्या अवाढव्य देशाने बेसबॉल पाहिला तो आपापल्या गावच्या मैदानावर, शेजारच्या गावाविरुद्ध. १९४९ साली अशा ५९ लीग होत्या, चारशेहून अधिक संघ होते आणि वर्षभरात सुमारे चार कोटी प्रेक्षकांनी हे सामने पाहिले. मग घरोघर दूरचित्रवाणी आली. न्यूयॉर्कचा सामना बसल्या जागी दिसू लागल्यावर गावातल्या फळकुटी बाकांवर जाऊन बसायचे कशाला, असा प्रश्न लोकांना पडला आणि दहा वर्षांत लीगांची संख्या निम्म्याच्याही खाली घसरली.

पण घसरण त्याआधीच एका हुशार माणसाच्या डोक्यात सुरू झाली होती. ब्रँच रिकी हा सेंट लुईस कार्डिनल्सचा कारभारी. श्रीमंत संघांशी बोली लावून तयार खेळाडू घेणे त्याला परवडेना. मग त्याने छोट्या गावांचे संघच ताब्यात घ्यायला सुरुवात केली. १९४० च्या सुमारास असे तीसहून अधिक संघ कार्डिनल्सच्या मुठीत होते. गावाचा संघ गावाचा राहिला नाही. गावाचा सर्वांत चांगला गोलंदाज ऐन हंगामात, अजिंक्यपद हातातोंडाशी आलेले असताना, एका तारेसरशी वर बोलावला जायचा. गाव टाळ्या वाजवून त्याला निरोप द्यायचे आणि पुढचे सामने हरायचे. याच रिकीने पुढे जॅकी रॉबिन्सनला आणून गोऱ्यांच्या बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडली, हेही सांगायला हवे. तेही कसे? १९४७ मध्ये ब्रुकलिनला खेळवण्याआधी १९४६ चा अख्खा हंगाम त्याने रॉबिन्सनला माँट्रिअलच्या संघात, म्हणजे खालच्या श्रेणीत, ठेवले. सगळ्यांत अवघड परीक्षा खालच्या पायरीवर घ्यायची आणि निकाल वरच्या पायरीवर जाहीर करायचा, ही मोठ्या संस्थांची जुनी सवय आहे. २०२० नंतर सर्वोच्च श्रेणीने ही सारी व्यवस्थाच आपल्या हातात घेतली, संलग्न संघांची संख्या १२० वर आणली, आणि चाळीसहून अधिक संघ एका फटक्यात श्रेणीबाहेर गेले.

आपल्याकडच्या दोन मुलांनीही ही खालची श्रेणी आतून पाहिली आहे. रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. बेसबॉलचा चेंडू कसा धरतात हेही ठाऊक नसताना २००८ साली एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले गेले आणि पुढे पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. दोघेही खालच्या श्रेणीतच खेळले, वर कुणीच पोहोचले नाही. दिनेश परत आला. रिंकू तिथेच राहिला आणि पुढे दूरचित्रवाणीवरच्या नाटकी कुस्तीत उतरला. आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत आजही बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. तरी धाराशिवमध्ये पोरीबाळींनी अनवाणी धावून जो खेळ कमावला तो खो-खो.

खो-खोची वंशावळ सांगताना पुणे आणि बडोदा यांची नावे आधी येतात. डेक्कन जिमखान्याने १९१४ साली नियम बांधायला घेतले. बडोद्याच्या जिमखान्याने १९२४ च्या सुमारास नियम छापून स्पर्धा भरवल्या. १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांचे पुस्तक काढले. या सगळ्या काळात आजचा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि सातव्या निजामाच्या नावावरून त्याला उस्मानाबाद म्हणत होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने आत शिरले. १९५६ पर्यंत जिल्हा हैदराबाद राज्यात होता, मग द्विभाषिक मुंबईत आला. १९५९-६० मध्ये विजयवाड्याला खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि पुढच्या वर्षी कोल्हापुरात महिलांची. म्हणजे नियम बांधले जात असताना हा मुलूख त्या टेबलाशी बसलेला नव्हता. दुसऱ्यांनी आखलेले मैदान त्याला आयते मिळाले आणि त्याने ते आपले करून टाकले. मराठवाड्याच्या बाबतीत रेल्वेपासून विद्यापीठापर्यंत बऱ्याच गोष्टी उशिरा आल्या आणि त्यांतल्या निम्म्या इथे रुजल्याही नाहीत. खो-खो रुजला.

का रुजला, याला एकच कारण देणे म्हणजे इतिहासाला दांडी मारणे. पण एक कारण डोळ्यांपुढे आहे. या खेळाला लागते ती २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद सपाट जमीन, दोन खांब आणि नऊ गडी. बॅट नको, चेंडू नको, हिरवळ नको, आणि मुख्य म्हणजे पाणी नको. निती आयोगाने २०१८ साली देशातले जे जिल्हे मागे राहिले म्हणून वेगळे काढले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते आणि उस्मानाबाद त्यांतला एक. अशा जिल्ह्यात शाळेच्या पटांगणावर फक्की मारून चौकोन आखता येतात, एवढी गोष्टसुद्धा लहान नाही.

दुसरे कारण म्हणजे माणसे. खालच्या श्रेणीचा खेळ शेवटी एखाद्या गुरुजींवर, एखाद्या प्रशिक्षकावर तोललेला असतो. धाराशिवला असे प्रशिक्षक म्हणून डॉ. चंद्रजित जाधव यांचे नाव घ्यावे लागते. मुलींना मैदानावर आणणे आणि त्यांच्या घरच्यांना समजावणे ही कामे कुठल्याही नियमपुस्तकात नसतात. अमेरिकेतल्या खालच्या श्रेणीत प्रशिक्षकाचीही बदली होते, तोही वर जायचे स्वप्न पाहत असतो. इथे प्रशिक्षक राहतो आणि पोरींच्या पिढ्या बदलतात.

पोरींच्या म्हणालो, कारण धाराशिवचे नाव झाले ते प्रामुख्याने मुलींमुळे. चौदा वर्षांखालच्या किशोरी, अठराच्या आतल्या कुमारी आणि मग खुला गट अशी ही चढण आहे. प्रत्येक पायरीवर राष्ट्रीय स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूला एक पुरस्कार असतो, आणि त्या पुरस्कारांची नावे ज्याने कुणी ठेवली त्याच्या मनात पुराण आणि इतिहास यांची काहीतरी गंमतशीर भेसळ असली पाहिजे. किशोरींसाठी इला, कुमारींसाठी जानकी, महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई. मुलांच्या बाजूला भरत, वीर अभिमन्यू आणि एकलव्य. पाठलागाच्या खेळात अभिमन्यूचे नाव द्यायचे म्हणजे कमालच आहे. आत शिरला, बाहेर पडता आले नाही, हे तर संरक्षकाच्या अपयशाचेच वर्णन झाले. आणि सगळ्यांत वरचा मान एकलव्याचा, ज्याला गुरूने शिकवले नाही आणि तरी गुरुदक्षिणेत अंगठा मागितला. प्रशिक्षणावर जगणाऱ्या खेळाने हे नाव का निवडले असेल, याचा मी बराच विचार केला आणि सोडून दिला.

सारिका काळे याच मातीतली. तेराव्या वर्षी तिच्या मामाने तिला मैदानावर नेले. घरची परिस्थिती अशी की कितीतरी वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळायचे, हे तिने स्वतःच पुढे पत्रकारांना सांगितले. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा समावेश झाला तेव्हा सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती.

त्या वर्षाचा पुढचा भाग मला विसरता येत नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. लातूर म्हणजे परका मुलूख नव्हे, १९८२ पर्यंत तो उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता, आणि त्या उन्हाळ्यात दोन्हीकडच्या विहिरी सारख्याच कोरड्या होत्या. दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. खेळपट्ट्यांवर शिंपडायच्या पाण्याचा मुद्दा होता. देशातली सर्वांत श्रीमंत लीग आणि सर्वांत तहानलेला मुलूख अशा रीतीने एकदाच समोरासमोर आले, तेही मैदानात न भेटता न्यायालयात. त्या सामन्यांनी वाचलेले पाणी मराठवाड्यात पोहोचले असते का, असा खोचक प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्तही होता. मला मात्र त्यात दोन खेळांच्या गरजांचा फरक दिसला. ज्या जिल्ह्याच्या मुलीने दोन महिन्यांपूर्वी देशाला सुवर्णपदक मिळवून दिले होते, तिच्या मैदानाला शिंपायला पाणी लागत नव्हते आणि कुणी विचारलेही नव्हते.

२०२० मध्ये सारिकाला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. १९९८ च्या शोभा नारायण यांच्यानंतर बावीस वर्षे खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार आलेला नव्हता. खो-खोतला पहिला अर्जुन पुरस्कार १९७० चा, बडोद्याच्या सुधीर परब यांचा. त्या दशकात बऱ्याचदा कुणीतरी खो-खोपटू या यादीत असे आणि मग ती यादी आटत गेली. २९ ऑगस्ट २०२० रोजी करोनामुळे राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांचा सोहळा पहिल्यांदाच दूरदृश्य पद्धतीने झाला. तेव्हा सारिका तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती.

आता पुन्हा पारावरच्या माणसाकडे यावे लागते. अर्जुन पुरस्कार आणि तालुका क्रीडा अधिकाऱ्याची नोकरी या दोन गोष्टी त्याच्यासमोर ठेवल्या तर तो कशाला वरचे म्हणेल? मला वाटते तो दोन्हींकडे पाहील आणि दुसरीची चौकशी आधी करेल. आणि त्याला हसण्याआधी आपण व्यवस्था पाहावी. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांना सवलतीचे गुण मिळतात. रेल्वे आणि विमानतळ प्राधिकरण यांचे स्वतःचे खो-खो संघ राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांच्या बरोबरीने उतरतात. म्हणजे धाराशिवची मुलगी किशोरी गटातून निघून चढत गेली तर तिला वर गाठायची असते ती नोकरी. धावपटूच्या कारकिर्दीला पुढे तीस वर्षांची पगारदार शेपटी मिळते. या मोहाने काही ठिकाणी खेळच उलटा झाला. न खेळलेल्या स्पर्धांची प्रमाणपत्रे विकत घेऊन नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे राज्यात उघडकीला आली, कधीच कुणी न पाहिलेल्या खेळांचे राज्यस्तरीय पदकविजेते निघाले. खोटी नोट तिथेच छापली जाते जिथे खऱ्या नोटेला किंमत असते, एवढाच त्याचा अर्थ.

मुलीसाठी तर या पायऱ्यांचा आणखी एक अर्थ असतो. मराठवाड्यात लवकर लग्न लावून देण्याची चाल अजून मोडलेली नाही. चौदाव्या वर्षी राज्याच्या संघात निवड झालेल्या मुलीच्या घरी जिल्ह्याचा ब्लेझर टांगलेला असतो आणि पुढच्या वर्षीच्या निवड चाचणीची तारीख ठरलेली असते. ती तारीख पुढे ढकलता येत नाही, लग्नाची येते. असे किती घरांत घडले याचा तक्ता कुणी मांडलेला नाही. खेळाचे मूल्य पदकांच्या संख्येत मोजणाऱ्यांनी हा तक्ता मांडायची गरज मानली नसावी.

अमेरिकेतल्या व्यवस्थेत खेळाडू गाव सोडून वर जातो आणि गाव रिकामे होते. इथे सर्वोच्च पायरी गाठलेली खेळाडू शासनाच्या आदेशाने परत तालुक्यात येते आणि शालेय स्पर्धा भरवते. रिकीने हे पाहिले असते तर गुंतवणूक बुडाली म्हणाला असता. चिझमच्या लोकांनी पाहिले असते तर त्यांना ओळखीचे वाटले असते.

अर्थात मोठी लीग खो-खोतही आली. १४ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्याच्या बालेवाडी संकुलात ‘अल्टिमेट खो खो’ सुरू झाली. ओडिशा, तेलुगू, गुजरात, चेन्नई, राजस्थान आणि मुंबई असे सहा संघ होते. अंतिम सामन्यात ओडिशाने तेलुगू योद्धाज संघाला अवघ्या एका गुणाने, ४६-४५ असे हरवले. खेळ मातीवरून मॅटवर आला, दिव्यांच्या झोतात आला. पाळ्या आखडल्या. कुठल्याही दिशेला वळायची मुभा असलेला वझीर आला. गडी बाद केल्याबद्दल एकाऐवजी अधिक गुण मिळू लागले, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त टिकणाऱ्या तुकडीलाही गुण मिळू लागले. हा शेवटचा बदल मला फार आवडला. शंभर वर्षे संरक्षकाच्या पदरी नुसती वेळ पडत होती. त्याने तीन मिनिटे झुंजवले तरी गुणफलक हलत नसे. टिकून राहण्यालाही मोल असते हे दूरचित्रवाणीने शिकवावे, यात गंमत आहे.

पण पहिले दोन्ही हंगाम, पुण्याचा आणि नंतर कटकचा, फक्त पुरुषांचे होते. त्यामुळे झाले असे की देशात खो-खोची मोठी लीग उभी राहिली तेव्हा मुलींच्या जोरावर नाव कमावलेल्या जिल्ह्यासमोर तिचे दार नव्हतेच. अमेरिकेतली खालची श्रेणी निदान कशाच्या तरी खाली असते. धाराशिवच्या मुली ज्या श्रेणीत खेळतात तिच्यावर छप्पर नाही की मजला नाही. प्रायोजकांना महिला खो-खोला प्रेक्षक मिळतील याची खात्री वाटत नाही असे सांगितले जाते. खात्री करून घ्यायची तर शाळेच्या पटांगणावर, दुपारच्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन सामना बघायला उभ्या असलेल्या बायका मोजाव्या लागतील, आणि ते काम कुठल्याही जाहिरात संस्थेच्या यादीत नसते.

त्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, पुरुष आणि महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा उस्मानाबादला, श्री तुळजाभवानी क्रीडा संकुलात झाली. तालुक्याच्या पायऱ्या चढत चढत ज्या स्पर्धेपर्यंत पोहोचायचे ती स्पर्धाच गावात आली. यजमानपणाची हौस या जिल्ह्याला जुनीच आहे. अणदूर आणि नळदुर्ग ही दोन गावे खंडोबाची एकच मूर्ती वाटून घेतात. देव वर्षातला काही काळ एका गावात आणि उरलेला दुसऱ्या गावात राहतो, नेताना-आणताना मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. घरचे सामने आणि बाहेरचे सामने यांचे वेळापत्रक इतक्या गांभीर्याने पाळणारी लीग मी दुसरी पाहिलेली नाही. उलट माणसांच्या संघटनांचे पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा एकाच महिन्यात दोनदा झाली, एकदा पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला आणि एकदा धाराशिवला. संघटनाच दोन होत्या. दोन केसरी निघाले, सिकंदर शेख आणि शिवराज राक्षे. दोन गावांना एक देव पुरतो आणि एका राज्याला एक केसरी पुरत नाही. खो-खोत अशी वेळ येऊ नये, एवढेच म्हणायचे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले, पुरुषांनी ५४-३६ असे. महिला संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती, आणि त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. त्या आठवड्यात खो-खोच्या बातम्या पहिल्या पानावर आल्या, प्रियंकाचे छायाचित्र आले, मंत्र्यांचे अभिनंदन आले. मग स्पर्धा संपली आणि खो-खो पुन्हा आपल्या नेहमीच्या जागी, क्रीडा पानाच्या तळाशी, गेला.

त्या तळाच्या बातमीविषयी थोडे बोलायला हवे, कारण खालच्या श्रेणीचे खरे साहित्य तेच आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि क्रिकेटचे वार्तांकन करता करता बेसबॉलकडे वळलेल्या हेन्री चॅडविक याने १८५९ मध्ये बेसबॉलच्या सामन्याचा तक्ता छापला. प्रत्येक गड्याच्या नावापुढे धावा, बाद केलेले, चुका असे आकडे. त्या तक्त्यामुळे शेकडो मैलांवरचा वाचक न पाहिलेला सामना मनात पुन्हा खेळू लागला, आणि गावोगावच्या लीगांना स्मरण मिळाले. ग्रॅहमची ती एका सामन्याची नोंद टिकली, तीही याच परंपरेमुळे.

मराठी वर्तमानपत्रांतली खो-खोची बातमी हा चॅडविकचा दूरचा भाऊबंद. ती बहुतेकदा दोन परिच्छेदांची असते. आधी निकाल: अमुक जिल्ह्याने तमुक जिल्ह्यावर एक डाव राखून मात केली. मग खेळाडूंची नावे आणि त्यांच्यापुढे कंस, कंसात मिनिटे आणि गडी. संरक्षणाच्या दोन वेळा आणि बाद केलेल्यांची संख्या, एवढ्यावर एका मुलीची अख्खी दुपार मावते. हा कंस वाचायला सवय लागते. एकदा लागली की दोन मिनिटे दहा सेकंद या आकड्यातून खांबाशी दिलेली हुलकावणी दिसू लागते, तुकडी बाद होत आली असताना एकटी उरलेली धावती मुलगी दिसू लागते.

मात्र त्या कंसात एका गोष्टीला जागा नसते, ती म्हणजे खो. बेसबॉलच्या तक्त्यात चेंडू अडवून दुसऱ्याकडे फेकणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या साहाय्याची वेगळी नोंद होते, बाद कुणीही केले तरी. खो-खोत गडी मारते ती शेवटची मुलगी, पण तिच्याआधी सहा-सात जणींनी संरक्षकाला दमवून, कोपऱ्यात ढकलून, योग्य क्षणी खो दिलेला असतो. खो देणारीला लगेच बसावे लागते. पाठलाग तिचा असतो आणि बाद केल्याचा मान दुसरीचा. पंच तिच्याकडे लक्ष देतात ते फक्त खो लवकर दिला तर, फाऊल धरायला. एका सामन्यात कुणी किती खो दिले, किती अचूक दिले, याची मोजणी बातमीत आलेली मी वाचलेली नाही. धाराशिवची मोठी कामगिरी त्याच न मोजलेल्या रकान्यात आहे असे मला वाटते: मैदानावर नेणारा मामा, रिकाम्या पटांगणावर उभे राहिलेले प्रशिक्षक, आणि राज्याच्या निवड चाचणीत मागे पडलेल्या पण ज्यांच्याविरुद्ध रोज सराव करून दुसरी कुणी वर गेली अशा कितीतरी मुली.

बातमीचे शेवटचे वाक्य मात्र ठरलेले असते. पराभूत संघाकडून अमुक हिने एकाकी लढत दिली. नऊ जणींच्या खेळात एकाकी लढत कशी देता येते, हे वार्ताहर सांगत नाही. जागा संपलेली असते आणि खाली सोयाबीनचे भाव सुरू होतात.